सवाई

चोडणच्या फेरीत माझ्या पिशवीत होते
चाळीस लिफाफे, एक वजनकाटा
आणि कृषी खात्याचा अर्ज, तीन प्रतींत.

फटी गावडे बांधावर वाकलेली.
खेकड्याच्या बिळात चिखलाचा गोळा ठोसत म्हणाली,
थांब. भरतीला अजून पाऊण तास आहे.
पाऊण तासात तिनं सतरा बिळं बुजवली.
मी मोजली, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.
पलीकडचं खाजन लिलावात गेलेलं,
कोळंबीसाठी दार उघडंच ठेवलेलं.
तिथे आता तिवरं, आणि 'विकणे आहे'ची पाटी,
गुडघाभर पाण्यात.

मग घरी. माळ्यावरून उतरला मुडा,
धुरानं काळवंडलेला पेंढा, आत कोरगूट.
कुसळ बोटात रुतलं.
मी लिहू लागले : वाण. हंगाम. मीठ किती सोसतो, अंदाजे.
मालकाचं नाव?

ती हसली नाही. खरंच आठवू लागली.
हे मला दिलं पावलीननं, आमचा बांध फुटला त्या साली.
तिच्या सासूनं नेलं होतं आमच्याकडून,
त्यांचा फुटला तेव्हा.
म्हणजे आमचंच परत आलं, की तिचंच आहे अजून?
आणि मानस बघतो इनास.
तो एक रात्र गाढ झोपला
तर कुणाचंच नाही.
सगळ्यांची लिही. जागा किती आहे?

जागा दोन बोटं होती.

बांधातल्या दाराला इथे मानस म्हणतात.
मला शाळेत मानस म्हणजे मन शिकवलं होतं.
खारं पाणी कधी आत घ्यायचं, कधी थोपवायचं,
हे तिथेही कुणीतरी
रात्री कंदील घेऊन उठून बघायला हवं होतं.
आमच्याकडे कुणी उठलं नाही.

मी तिला थंड खोलीबद्दल सांगितलं :
उणे अठरा अंश, पन्नास वर्षं सुरक्षित.
पन्नास वर्षं मिठाशिवाय?
इनासचा मुलगा लंडनला गेला,
तीन वर्षांत त्याला घरची पेज खारट लागायला लागली.

एक मूठ तिनं लिफाफ्यात सोडली.
ही सरकारची. गेली असं धरते.
आणि चार तुझ्या. उसन्या.
दिवाळी झाली की पाच आणून दे. सवाईनं.
वही नाही माझ्याकडे. मी विसरत नाही.

माझी जमीन म्हणजे पर्वरीला तिसरा मजला,
बाल्कनीत मासळीचे दोन थर्माकोलचे खोके.
पहिल्या वर्षी मला दया आली, नळाचं पाणी घातलं.
हिरवंगार, कमरेएवढं वाढलं, आणि लोळलं.
हाती आलं सव्वा मूठ. दिवाळीला मी फेरीकडे फिरकले नाही.

दुसऱ्या वर्षी मिरामारहून बाटल्यांत समुद्र आणला.
पंचांगात भरती बघून थोडा थोडा पाजला.
शेजारच्या दुभाषींनी विचारलं, वास कसला?
मी म्हटलं, कर्जाचा.
ते दार लावून आत गेले.
त्या वर्षी पानं आखूड, टोकं करपलेली,
पण ओंबी उभी राहिली.

फटीनं माझी पिशवी ओतली सुपात.
मुठीनं मोजलं. तिची मूठ माझ्यापेक्षा मोठी.
साडेतीन.
एक दाणा दाढेखाली फोडला, बराच वेळ चघळला.
मीठ कळलंय याला, म्हणाली.
दीड मूठ राहिली.

पुढच्या वर्षी, मी म्हटलं.
पुढच्या वर्षी ती दीड राहणार नाही,
तिची पण सवाई होईल. चल.
मुठीला बारा बिळं, हा इथला दर.
अठरा बुजव आणि सुटलीस.

ओहोटी होती. इनास दाराच्या फळीवर बसून
माझ्याकडे बघत विडी ओढत होता.
अकराव्या बिळात
हात कोपरापर्यंत घातला, तेव्हा आतून
कुणीतरी माझं बोट धरलं
आणि सोडेना.